ऐकणाऱ्याचा रंग : अमेरिकेतील समुपदेशक आणि वर्णद्वेषाचे आत्मपरीक्षण

२० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची सूत्रे दुसऱ्यांदा हाती घेताच डोनाल्ड ट्रम्प यांनी अनेक आदेशांवर स्वाक्षऱ्या केल्या. 'विविधता, समता व समावेशन' या नावाने केंद्र सरकारात चालणारे उपक्रम गुंडाळण्याचा आदेश त्यांतच होता. दुसऱ्या दिवशीच्या आदेशाने सरकारी कंत्राटे व अनुदाने घेणाऱ्या संस्थाही त्याच्या कक्षेत आल्या. २३ एप्रिल रोजी आणखी एक आदेश निघाला. तो विद्यापीठीय अभ्यासक्रमांना अधिस्वीकृती देणाऱ्या संस्थांविषयी होता. त्याच्या महिनाभर आधी, मार्चमध्ये, अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अधिस्वीकृती आयोगाने एक पाऊल मागे घेतले होते. मानसशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांनी विद्यार्थी व अध्यापक यांच्या निवडीत विविधतेसाठी केलेले प्रयत्न दाखवावेत, ही अट आयोगाने स्थगित केली.

दुरून वाचणाऱ्यास ही अमेरिकेतील पक्षीय भांडणाची आणखी एक फेरी वाटेल. परंतु या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न पक्षांपेक्षा मोठा आहे. लोकांची दुःखे ऐकण्याचे काम ज्यांनी पत्करले आहे, त्यांनी स्वतःच्या वंशाचा, रंगाचा आणि त्यापायी न मागता मिळालेल्या सवलतींचा विचार करणे हा त्यांच्या शिक्षणाचा भाग असावा की नसावा? अमेरिकेतील समुपदेशनाचे क्षेत्र गेली सुमारे पन्नास वर्षे या प्रश्नाशी झुंजत आले आहे. आमच्या मते त्याचे उत्तर होकारार्थीच असले पाहिजे. मात्र ते का, आणि कोणत्या मर्यादेत, हे शांतपणे समजून घेणे आवश्यक आहे.

ऐकणारा हेच साधन

शल्यविशारदाच्या हाती शस्त्र असते, वैद्याच्या हाती औषध असते. समुपदेशकापाशी असे काहीच नसते. त्याचे कान, त्याची दृष्टी, त्याचे शब्द आणि त्याचे मौन हीच त्याची साधने. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी शस्त्र निर्जंतुक आहे की नाही हे जसे पाहिले जाते, तसे समुपदेशकाने स्वतःकडे पाहिले पाहिजे, हा या शास्त्रातील जुना व सर्वमान्य नियम होय. आपला राग, आपले भय, आपल्या बालपणीच्या जखमा यांची तपासणी प्रत्येक प्रशिक्षणार्थीकडून अपेक्षित असते. मग ज्या समाजात आपण वाढलो, त्या समाजाने इतर वंशांविषयी आपल्या मनात जे पेरले, तेवढेच या तपासणीतून का वगळावे?

या प्रश्नाचे गांभीर्य एका सुपरिचित उदाहरणावरून ध्यानी येईल. मिशेल ओबामा यांनी २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'बिकमिंग' या आत्मचरित्रात शालेय जीवनातील एक प्रसंग नोंदवला आहे. महाविद्यालयीन प्रवेशाविषयी मार्गदर्शन करणाऱ्या शाळेतील समुपदेशिकेने, तू प्रिन्स्टन विद्यापीठाच्या योग्यतेची आहेस असे मला वाटत नाही, अशा अर्थाचे मत त्यांना थोडक्या भेटीत ऐकवले. मिशेल यांनी तरीही अर्ज केला आणि १९८५ साली प्रिन्स्टनची पदवी मिळवली. त्या समुपदेशिकेच्या मनात नेमके काय होते, हे कोणासही सांगता येणार नाही. त्यात द्वेष असेलच असेही नाही. परंतु एखाद्या मुलीकडे पाहताच तिची झेप किती असू शकते याचा अंदाज आपल्या मनात आपोआप कसा बांधला जातो, हे मार्गदर्शकाने कधी तपासलेच नाही, तर सद्भावनेनेही केवढे नुकसान होऊ शकते! मिशेल यांनी तो सल्ला बाजूला सारला. ज्यांनी तो शिरोधार्य मानला असेल, अशांची आत्मचरित्रे लिहिली जात नाहीत.

शास्त्राच्या कपाळावरील डाग

मनाच्या शास्त्राला वर्णद्वेषाचा इतिहास नाही, असा कुणाचा समज असेल तर तो खरा नव्हे. १८५१ साली लुईझियानातील डॉ. सॅम्युअल कार्टराइट यांनी 'ड्रॅपटोमेनिया' नावाच्या एका 'रोगा'चे वर्णन प्रसिद्ध केले. या रोगाचे लक्षण एकच होते, आणि ते म्हणजे गुलामाला पळून जाण्याची इच्छा होणे! त्यावरील उपायांत चाबकाचाही समावेश होता. स्वातंत्र्याची ओढ हा आजार आणि गुलामगिरी हे आरोग्य, असे वैद्यकाच्या भाषेत सांगितले गेले.

हे फार जुने झाले, असे कोणी म्हणेल. परंतु जोनाथन मेट्झल या मानसोपचारतज्ज्ञाने 'द प्रोटेस्ट सायकोसिस' या ग्रंथात मिशिगन राज्यातील आयोनिया येथील मनोरुग्णालयाच्या जुन्या नोंदी अभ्यासून जे मांडले, ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. नागरी हक्कांच्या चळवळीपूर्वी स्किझोफ्रेनियाचे निदान तेथे बव्हंशी गोऱ्या रुग्णांच्या बाबतीत होत असे. साठ व सत्तरच्या दशकांत मात्र ते कृष्णवर्णीय पुरुषांच्या माथी मोठ्या प्रमाणावर येऊ लागले. निदानाच्या अधिकृत पुस्तिकेच्या १९६८ सालच्या आवृत्तीत या आजाराच्या एका प्रकाराच्या वर्णनात शत्रुभाव व आक्रमकता यांना स्थान मिळाले होते. रस्त्यावर न्याय मागणाऱ्याचा संताप आणि रुग्णाचा भ्रम यांतील सीमारेषा पाहणाऱ्याच्या दृष्टीत पुसट झाली होती.

त्याच १९६८ साली कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी सॅन फ्रान्सिस्को येथे आपली स्वतंत्र संघटना स्थापन केली. मूळ संस्थांना आपल्या चुका उघडपणे मान्य करण्यास त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लागला. मे २०२० मध्ये मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलीस अधिकाऱ्याच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला आणि साऱ्या देशात असंतोष उसळला. त्यानंतर, जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने वर्णद्वेषाला दिलेल्या साथीबद्दल जाहीर क्षमायाचना केली.

पहिली भेट आणि दुसरी भेट

समुपदेशनाच्या यशाची एक साधी कसोटी आहे. पहिल्या भेटीस आलेला मनुष्य दुसऱ्या भेटीस परत येतो काय? सत्तरच्या दशकात स्टॅनली स्यू व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिअ‍ॅटल परिसरातील १७ सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांतील १३ हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या. गोऱ्या लोकांपैकी सुमारे ३० टक्के पहिल्या भेटीनंतर परत आले नाहीत. कृष्णवर्णीय आणि आशियाई वंशाच्या लोकांत हेच प्रमाण सुमारे निम्मे होते. दार उघडे होते, फी परवडणारी होती, तरीही निम्मी माणसे एकदा येऊन कायमची निघून गेली. आत बसलेल्या व्यक्तीने आपले ऐकले, असे त्यांना वाटले नसावे.

दिलासा देणारी गोष्ट अशी की हे प्रमाण अटळ नव्हते. त्याच परिसराचा पुन्हा अभ्यास होऊन १९८९ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत परिस्थिती बरीच सुधारलेली दिसली. मधल्या काळात त्या त्या समाजातील कर्मचारी नेमले गेले होते आणि त्या समाजांसाठी खास केंद्रेही उभी राहिली होती.

काही वेळा तर पहिली भेटही नशिबी नसते. समाजशास्त्रज्ञ हेदर कुगेलमास यांनी न्यूयॉर्क शहरातील ३२० मानसोपचारकांच्या दूरध्वनीवर निरनिराळ्या आवाजांत निरोप ठेवविले. निरोप सारखाच, गरजही सारखीच. बोलणाऱ्याचे नाव आणि बोलण्याची ढब यांवरून त्याचा वंश व वर्ग सूचित होत असे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मध्यमवर्गीय वाटणाऱ्या गोऱ्यांपैकी २८ टक्के लोकांना भेटीची वेळ देऊ करण्यात आली. मध्यमवर्गीय कृष्णवर्णीयांपैकी १७ टक्के लोकांना. कामगारवर्गातील वाटणाऱ्यांच्या वाट्यास, मग ते गोरे असोत वा काळे, अवघे ८ टक्के आले. या आकड्यांत दोन गोष्टी एकत्र गुंफलेल्या आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. वंशाचा भेद तर आहेच, पण वर्गाचा भेदही तितकाच कठोर आहे. पुढे आक्षेपांचा विचार करताना आपण या मुद्द्याकडे पुन्हा येऊ.

न दिसणारी शिदोरी

'गोरेपणाचा विशेषाधिकार' हा शब्दप्रयोग ऐकताच अनेकांच्या भुवया उंचावतात. विशेषाधिकार म्हटला की राजवाडे, जहागिरी, श्रीमंती डोळ्यांपुढे येते. येथे अर्थ वेगळा आहे. थोर कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांनी १९३५ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की दक्षिणेकडील गोऱ्या मजुराला रोजंदारी तुटपुंजी मिळत असली, तरी तिच्यासोबत आणखी एक अदृश्य मजुरी मिळत होती. लोक त्याला मानाने वागवीत, सार्वजनिक बागा व शाळा त्याला खुल्या असत आणि पोलीस त्याच्यातलेच असत.

वेलस्ली महाविद्यालयातील पेगी मॅकिंटॉश यांनी १९८८ साली याच विचाराला नित्याच्या जीवनातील उदाहरणांची जोड दिली. स्त्रियांवर अन्याय होतो हे पुरुष सहकारी मान्य करतात, परंतु आपल्याला अधिकचे काही मिळते हे मात्र मान्य करीत नाहीत, असे त्यांच्या अनुभवास आले होते. तोच नियम त्यांनी स्वतःला लावून पाहिला. गोरी स्त्री म्हणून आपल्याला कोणत्या गोष्टी न मागता मिळतात, याची ४६ कलमांची यादी त्यांनी केली. दुकानात गेल्यावर पाळत ठेवली जात नाही. जखमेवरची पट्टी आपल्या कातडीच्या रंगाशी जुळते. आपल्या हातून चूक झाली तर ती साऱ्या वंशाची चूक ठरत नाही. पाठीवरच्या, वजन न जाणवणाऱ्या झोळीची उपमा त्यांनी या सवलतींना दिली. आपल्या भाषेत हिला न दिसणारी शिदोरी म्हणता येईल. जो तिच्यावर जेवतो, त्याला ती दिसत नाही. जो उपाशी राहतो, त्याला ती स्पष्ट दिसते.

आणि या शिदोरीमागे कायदा व पैसा यांचाही हात होता. १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे तयार केले, त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या धोक्याच्या म्हणून लाल रंगात दाखविल्या गेल्या आणि तेथे कर्ज मिळणे दुरापास्त झाले. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी १९४४ साली कायदा झाला. परंतु १९४७ साली मिसिसिपी राज्यात त्याखाली हमी दिलेल्या ३,२२९ कर्जांपैकी कृष्णवर्णीय सैनिकांना केवळ दोन मिळाली. घरखरेदीतील भेदभावावर बंदी घालणारा कायदा १९६८ साली आला. तोवर एका पिढीने घर बांधून मुलांना वारसा दिला होता, तर दुसऱ्या पिढीने भाड्याच्या पावत्या. आज समुपदेशकासमोर बसून पैशाच्या चिंतेने झोप येत नाही असे सांगणाऱ्या कृष्णवर्णीय गृहस्थाची कहाणी या नकाशांपासून सुरू होते. ज्याला हे ठाऊकच नाही, तो त्याला खर्चाचे अंदाजपत्रक करण्याचा सल्ला देऊन मोकळा होईल.

प्रशिक्षणात काय घडते?

१९७२ साली अमेरिकेतील समुपदेशकांच्या मुख्य संघटनेत गौरेतर समाजांच्या प्रश्नांसाठी एक स्वतंत्र विभाग स्थापन झाला. याच विभागाच्या पुढाकारातून १९९२ साली डेराल्ड विंग स्यू, पॅट्रिशिया अरेडोंडो व रॉडरिक मॅक्डेव्हिस यांनी बहुसांस्कृतिक समुपदेशनाच्या क्षमतांचा आराखडा मांडला. त्यात तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. प्रथम स्वतःच्या धारणांची व पूर्वग्रहांची जाण. मग सल्ल्यासाठी आलेल्या व्यक्तीच्या, म्हणजे सल्लार्थीच्या, जगाची समज. आणि त्यानंतर त्यास अनुरूप अशा पद्धतींचे कौशल्य. क्रम पाहण्यासारखा आहे. दुसऱ्याचा अभ्यास करण्यापूर्वी स्वतःचा अभ्यास सांगितलेला आहे.

हा अभ्यास सोपा नसतो. जॅनेट हेल्म्स यांनी गोऱ्या व्यक्तीच्या वांशिक जाणिवेच्या वाढीचे टप्पे मांडले आहेत. आरंभी तिला वंश ही गोष्टच जाणवत नसते. मला रंग दिसत नाही, मी सर्वांना सारखे मानते, असे ती प्रामाणिकपणे म्हणते. मग एखादा अनुभव हा भ्रम मोडतो आणि अपराधीपणा व गोंधळ मनाला घेरतो. त्यातून सुटका करून घेण्यासाठी काहीजण मागे फिरून, दोष त्यांचाच असला पाहिजे, अशा समजुतीचा आश्रय घेतात. काहीजण बुद्धीने सारे मान्य करतात, पण मनाने दूर राहतात. फार थोडे पुढे जाऊन, गोरे असणे म्हणजे काय याचा स्वतः शोध घेतात आणि अखेरीस न अपराधी, न अहंकारी अशा मोकळ्या स्थितीस पोहोचतात. चांगल्या शिक्षकाचे काम विद्यार्थ्याला मधल्या कोणत्याही टप्प्यावर रुतू न देणे हे होय.

एक प्रसंग कल्पून पाहू. समजा, कार्यालयातील सहकारी विचारल्यावाचून आपल्या केसांना हात लावतात, असे एक कृष्णवर्णीय युवती समुपदेशिकेस सांगते आहे. समुपदेशिका स्मित करून म्हणते, "त्यांना तुमचे केस आवडले असतील." हेतू धीर देण्याचा आहे. परंतु युवतीला कळते ते एवढेच की माझा अपमान येथेही अपमान म्हणून मोजला जाणार नाही. डेराल्ड विंग स्यू व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली अशा सूक्ष्म आघातांचे वर्गीकरण केले. समोरच्याचा अनुभवच नाकारणे हा त्यांतील एक प्रकार. अशा उत्तरानंतर ती युवती पुन्हा येईल काय?

याउलट, त्याच वर्षी नॉर्मा डे-व्हाइन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी समुपदेशकाने स्वतः पुढाकार घेऊन विषयाला वाचा फोडण्याची रीत सविस्तर मांडली. आपण दोघे भिन्न वंशांचे आहोत, त्याचा या संभाषणावर काही परिणाम होत आहे असे तुम्हाला वाटते का, असे साध्या शब्दांत विचारणे म्हणजे ही रीत. सल्लार्थीने उत्तर द्यावे अथवा देऊ नये. परंतु या खोलीत तो विषय बोलता येतो, हे तिला कळलेले असते. हे वाक्य अवघडल्यावाचून उच्चारता यावे, यासाठी सराव लागतो. आणि सराव करायचा तर प्रशिक्षणात जागा लागते. २०२५ सालच्या आदेशांनी निर्माण केलेल्या भयाचा पहिला बळी अशी जागा ठरू शकते, ही आमची चिंता आहे.

आक्षेप आणि त्यांतील तथ्य

विरोधकांचे म्हणणे ऐकून न घेता केलेले विश्लेषण अपुरे राहील. पहिला आक्षेप असा की हे शिक्षण माणसाला त्याच्या जन्मावरून दोषी ठरवते. सप्टेंबर २०२० मध्ये ट्रम्प यांनी आपल्या पहिल्या कार्यकाळात अशा प्रशिक्षणांविरुद्ध आदेश काढला तो याच आधारावर. जानेवारी २०२१ मध्ये जो बायडेन यांनी तो रद्द केला. फ्लोरिडा राज्याने २०२२ साली याच धर्तीचा कायदा केला आणि त्यातील विद्यापीठांविषयीच्या भागास केंद्रीय न्यायालयाने त्याच वर्षी स्थगिती दिली.

या आक्षेपात काही तथ्य आहे, असे आम्हाला वाटते. काही ठिकाणी हे शिक्षण घोषणांच्या पातळीवर उतरले, विद्यार्थ्यांकडून सर्वांसमक्ष कबुलीजबाब घेण्याचा खेळ झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. जो केवळ शरमेने मान खाली घालतो, तो समोरच्याकडे पाहूच शकत नाही. अपराधीपणाने ग्रासलेला समुपदेशक सल्लार्थीकडूनच सांत्वनाची अपेक्षा करू लागतो आणि भूमिकांची अदलाबदल होते. दोष आणि जबाबदारी यांत भेद आहे. आजोबांनी केलेल्या कर्जाबद्दल नातू अपराधी नसतो. पण वारसा स्वीकारताना त्याने हिशेबाची वही उघडून पाहावी, ही अपेक्षा अन्यायाची नव्हे.

दुसरा आक्षेप गरीब गोऱ्यांविषयी आहे. अ‍ॅपलेशियाच्या डोंगराळ भागातील बंद पडलेल्या कोळसा खाणीच्या गावात व्यसनाने उद्ध्वस्त झालेल्या गोऱ्या कुटुंबाला विशेषाधिकाराचा पाठ कसा द्यावा? कोलगेट विद्यापीठातील एरिन कूली व त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१९ सालचा अभ्यास येथे डोळ्यांत अंजन घालणारा आहे. गोरेपणाच्या विशेषाधिकाराविषयी वाचल्यानंतर उदारमतवादी लोकांच्या मनात गरीब कृष्णवर्णीयांविषयीची सहानुभूती वाढली नाही. गरीब गोऱ्यांविषयीची सहानुभूती मात्र घटली! इतक्या सवलती असूनही हा गरीब राहिला, तर दोष त्याचाच, असा निष्कर्ष त्यांनी नकळत काढला. म्हणजे वाईट रीतीने शिकवलेला धडा करुणा वाढवण्याऐवजी ती आटवू शकतो.

यावरून हे शिक्षणच बंद करावे, असा निष्कर्ष निघत नाही. ते नीट करावे, असा निघतो. २०१५ साली अमेरिकन कौन्सेलिंग असोसिएशनने मान्य केलेल्या सुधारित आराखड्यात समुपदेशक व सल्लार्थी या दोघांच्याही बाबतीत वरचढ आणि वंचित अशा दोन्ही बाजू मोजल्या आहेत. एकच व्यक्ती वंशाने वरचढ आणि वर्गाने वंचित असू शकते. न्यूयॉर्कमधील त्या ८ टक्क्यांचा अर्थही हाच.

तिसरा आक्षेप पुराव्याचा. सूक्ष्म आघातांच्या संकल्पनेचे मापन अद्याप सैल आहे, असे मानसशास्त्रज्ञ स्कॉट लिलिएनफेल्ड यांनी २०१७ साली सविस्तर मांडले होते. अशा टीकेचे स्वागत व्हावयास हवे. ज्या शिक्षणाची परीक्षा घेता येत नाही, ते श्रद्धेचा विषय बनते. परंतु ही परीक्षा संशोधकांनी घ्यावी, सरकारी आदेशांनी नव्हे.

ख्रिस्तसभेचा आरसा

या विषयाकडे आपल्याला परका म्हणून पाहता येणार नाही. अमेरिकेतील कॅथोलिक महागुरूंनी १९७९ साली 'ब्रदर्स अँड सिस्टर्स टू अस' या मेषपालीय पत्रात वर्णद्वेष हे पाप असल्याचे निःसंदिग्धपणे म्हटले आणि हे पाप समाजाच्या रचनेतही वास करते, हे दाखवून दिले. २०१८ साली त्यांनी याच विषयावर पुन्हा पत्र लिहिले. एकोणचाळीस वर्षांनंतर पुन्हा लिहावे लागले, यातच बरेच काही आले. १८३८ साली मेरिलँडमधील येशूसंघीयांनी २७२ गुलामांची विक्री केली होती आणि त्या पैशांतून जॉर्जटाउनच्या विद्यासंस्थेस हातभार लागला होता. २०१७ साली त्या गुलामांच्या वंशजांसमक्ष त्यांनी क्षमा मागितली. पापनिवेदनापूर्वीच्या आत्मपरीक्षणाची सवय असलेल्या समाजास एक गोष्ट सहज समजावी. आत्मपरीक्षणाचा हेतू स्वतःला झोडपून घेणे हा नसून पुढील पाऊल शुद्ध करणे हा असतो.

आपल्या अंगणात

महाराष्ट्राचा या कथेशी असलेला संबंध जुना आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली दु बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे सादर झालेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. १९७२ साली मुंबईत जन्मलेल्या दलित पँथरने नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. त्या काळातील आपल्या विचारवंतांना अमेरिकेतील वर्ण आणि येथील जात यांतील साम्य दिसले होते.

अलीकडे हा संबंध उलट दिशेनेही प्रकट झाला. ज्या सिअ‍ॅटलमध्ये स्टॅनली स्यू यांनी परत न येणाऱ्या माणसांची मोजदाद केली, त्याच शहराच्या नगरपरिषदेने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून होणाऱ्या भेदभावास बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. हा ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत या मूळच्या पुण्याच्या. परदेशी गेलेला आपला मराठी बांधव गोऱ्यांच्या नजरेत सावळा ठरतो आणि तिरस्काराचा धनी होतो. तोच आपल्या मंडळात मात्र आडनाव विचारून समोरच्याची पायरी ठरवू शकतो. एकाच खांद्यावर जखम आणि शिदोरी अशी दोन्ही असतात. तेथे समुपदेशनाचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलामुलींनी या दोहोंची जाण ठेवली, तर ते अधिक चांगले ऐकणारे होतील.

आपल्याकडे समुपदेशनाचे क्षेत्र झपाट्याने वाढते आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने धर्म, जात, वर्ग, लिंग यांवरून भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. कायद्याने दार उघडले. आत बसणाऱ्याचे मन कोण उघडणार? आदिवासी पाड्यावरून आलेली विद्यार्थिनी शाळेतील समुपदेशिकेसमोर बसते, तेव्हा तिचे मौन हा लाजाळूपणा मानला जातो की तिच्या बोलीला हसणाऱ्या वर्गाचा परिणाम? आरक्षणातून प्रवेश मिळालेला तरुण आपल्याला एकटे वाटते असे सांगतो, तेव्हा त्याला आत्मविश्वास वाढवण्याचे व्यायाम दिले जातात की त्याला एकटे पाडणाऱ्यांविषयी विचारले जाते? आपल्या समुपदेशन-अभ्यासक्रमांत, शाळांत, इस्पितळांत आणि कुटुंबांना सल्ला देणाऱ्या केंद्रांत असे प्रश्न नेमाने विचारले जावेत, अशी आमची विनंती आहे. त्यासाठी अमेरिकेतील शब्दावली जशीच्या तशी आणण्याची गरज नाही. येथील शिदोरी निराळी आहे. तिच्यातील कलमांची यादी आपल्यालाच करावी लागेल.

'जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे' अशी आपल्याकडे म्हण आहे. दुसऱ्याच्या वंशात जन्म घेणे कोणाच्याही हाती नाही. समुपदेशकाला तर रोज निरनिराळ्या वंशांची, जातींची, घरांची माणसे भेटत असतात. त्याच्या हाती एवढेच असते की आपण कोठे उभे राहून ऐकत आहोत, याचा विसर पडू न देणे. आदेश निघतात आणि रद्दही होतात. अभ्यासक्रमांतील शीर्षकेही बदलतील. परंतु धीर एकवटून एकदा दार ठोठावलेला माणूस पुढच्या आठवड्यात परत आला की नाही, ही नोंद प्रत्येक केंद्राच्या वहीत असतेच. जे परत आले नाहीत, त्यांची नावे वाचून पाहण्यापासून या आत्मपरीक्षणाचा आरंभ करता येईल.